गोल चेंडू, लंबगोल चेंडू: ऑस्ट्रेलियन फूटी आणि गेलिक फुटबॉलची पहिली गाठभेट

दूरदेशी

मंडळी,

आमच्या शेजारी एक आयरिश आजोबा राहतात. साठच्या दशकात मेलबर्नला आले ते इथलेच झाले. गेल्या महिन्यात लेकीला फूटीच्या सरावावरून घेऊन येत होतो, तेव्हा ते कुंपणापाशी उभे होते. तिच्या काखेतला लंबगोल चेंडू बघून म्हणाले, "आमच्या मीथच्या पोरांनी इथे येऊन तुमच्या लोकांना पाचपैकी पाच सामन्यांत हरवलं होतं. माहीत आहे?"

मीथ म्हणजे आयर्लंडमधली एक काऊंटी, आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं या शहरात काढली, फूटीचा हंगाम सुरू झाला की शनिवारी घरात दुसरं काही चालत नाही, आणि ही गोष्ट कधी कानावर आली नव्हती. तेव्हापासून मिळेल ते वाचतोय.

आधी दोन्ही खेळांची थोडी ओळख. ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे इथल्या भाषेत फूटी: मैदान लंबवर्तुळाकार, चेंडू लंबगोल, एका बाजूला १८ खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला की ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला की १. लांबून आलेला चेंडू हवेत नीट झेलला तर 'मार्क' मिळतो, खेळ थांबतो आणि झेलणाऱ्याला निवांत लाथ मारता येते. गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा: आयताकृती मैदान, गोल चेंडू, १५ खेळाडू, इंग्रजी एच अक्षरासारखे खांब आणि आडव्या दांडीखाली जाळी. जाळीत गेला तर गोल, म्हणजे ३ गुण. दांडीवरून गेला तर साधारणपणे १. चेंडू हातात घेऊन चार पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही. एकतर जमिनीवर टप्पा द्यायचा, नाहीतर स्वतःच्याच पायाच्या बोटांवर टाकून परत हातात घ्यायचा. याला तिकडे 'सोलो' म्हणतात. लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत, त्यामुळे वेगात पळणारा खेळाडू टप्पा, सोलो, टप्पा, सोलो अशा लयीत जातो. मी आधी ते व्हिडिओत पाहिलं तेव्हा चेंडू दोरीने पायाला बांधलाय असंच वाटलं.

दोन्ही खेळांत हात-पाय दोन्ही चालतात, चेंडू उंच जातो, उड्या मारून झेल घेतात. आणि दोन्ही खेळांचं दुखणंही एकच: आपल्या देशाबाहेर खेळायला कोणी नाही. क्रिकेटवाला देशाची टोपी घालतो, रग्बीवाला देशाची जर्सी घालतो. फूटीतला सर्वांत मोठा खेळाडू मात्र फार तर आपल्या राज्याकडून खेळायचा. आयर्लंडमधला काऊंटीकडून, फार तर प्रांताकडून खेळायचा, त्याच्या पुढे पायरीच नव्हती.

ही पायरी बांधायचं हॅरी बाइट्झल या माणसाच्या डोक्यात आलं. व्हिक्टोरियाच्या लीगमधला माजी पंच, नंतर समालोचक. १९६६ च्या ऑल-आयर्लंड, म्हणजे गेलिकच्या देशव्यापी काऊंटी स्पर्धेच्या, अंतिम सामन्याचं चित्रण त्याच्या पाहण्यात आलं. गॉलवेने मीथला हरवून सलग तिसऱ्यांदा विजेतेपद घेतलं, तो हा सामना. बाइट्झलला वाटलं, हे तर आपल्यासारखंच खेळतात! एखाद्या मंडळाने ठराव करून, समिती नेमून हे केलं असतं तर दहा वर्षं गेली असती. याने स्वतःच्या हिमतीवर खेळाडू जमवले आणि १९६७ च्या ऑक्टोबरात संघ घेऊन निघाला.

कप्तान कोण, तर रॉन बरासी. इथे हे नाव उच्चारलं की म्हातारी माणसं सरसावून बसतात. वडील मेलबर्न क्लबचे खेळाडू, १९४१ मध्ये तोब्रुकला युद्धात मारले गेले. मुलाने त्याच क्लबकडून सहा विजेतेपदं मिळवली, मग कार्लटनला जाऊन कप्तान आणि प्रशिक्षक दोन्ही झाला. असा माणूस पुढे असल्यावर दौऱ्याला वजन आलं. संघाला नाव पडलं 'गलाह'. गलाह म्हणजे इथला गुलाबी-राखाडी काकाकुवा. थव्याने येतात, प्रचंड कलकलाट करतात. बोलीभाषेत बावळट माणसालाही गलाह म्हणतात. खेळाडूंनी सैनिकांसारख्या एका बाजूला दुमडलेल्या टोप्या घातल्या होत्या, त्या थाटावरून हे नाव चिकटलं आणि त्यांनी ते अभिमानाने मिरवलं.

तारखा पाहा. २३ सप्टेंबर १९६७ ला मेलबर्नमध्ये रिचमंडने जिलाँगला हरवून लीग जिंकली. दुसऱ्याच दिवशी, २४ सप्टेंबरला, डब्लिनच्या क्रोक पार्कवर मीथने कॉर्कला १-९ विरुद्ध ०-९ असं हरवून ऑल-आयर्लंड चषक जिंकला. आदल्या वर्षी हरलेला संघ या वर्षी जिंकला होता. काही आठवड्यांतच हेच ताजे विजेते गलाहांसमोर उभे राहिले, वीस हजारांहून जास्त लोकांसमोर, क्रोक पार्कवरच.

चेंडू गोल, मैदान आयताकृती, गुणपद्धत गेलिक. सगळं यजमानांचं. आणि निकाल: ऑस्ट्रेलिया ३-१६, मीथ १-१०.

परक्या खेळात, परक्या चेंडूने, त्या खेळाच्या विजेत्यांना हरवणं ही काय चीज आहे याचा विचार करा. नंतर त्यांनी मेयोलाही हरवलं. परतीच्या वाटेवर न्यूयॉर्कला तिथल्या आयरिश मंडळींच्या संघाशी सामना झाला, तो मात्र गलाह हरले, आणि त्यात हाणामारीही झाली.

मीथ गप्प बसले नाहीत. मार्च १९६८ मध्ये तो संघ ऑस्ट्रेलियात आला आणि पाच सामने खेळून पाचही जिंकून गेला. आमचे आजोबा तेव्हा नुकतेच इथे आलेले, तिशीच्या आतले. सांगताना त्यांचा आवाज बदलला. "घर सोडून आल्यावर पहिल्यांदा मला कोणी विचारलं, तू कुठला? आणि मी सांगितल्यावर त्यांना ते गाव माहीत होतं," म्हणाले. मीथची जर्सी हिरवी-सोनेरी. ऑस्ट्रेलियाचे रंगही तेच. त्या महिन्यात आपण कोणाच्या बाजूचे हा प्रश्न त्यांना रंग बघून सोडवता येत नव्हता, असंही म्हणाले.

मला या दौऱ्यांबद्दल आदर वाटतो तो एवढ्यासाठी, की कुठल्याही सरकारी किंवा संघटनेच्या योजनेशिवाय, एका माणसाच्या ध्यासातून जगाच्या दोन टोकांचे एकटे पडलेले दोन खेळ एकमेकांना भेटले. याबद्दल कोणाला आणखी माहिती असेल तर जरूर लिहा.

---

ताकपीठ

सुंदर धागा. एक शंका: ३-१६ हे वाचायचं कसं? पहिल्यांदा मला वाटलं तीन विरुद्ध सोळा, म्हणजे ऑस्ट्रेलिया हरली!

---

दूरदेशी

@ताकपीठ, सगळ्यांचाच आधी तो गोंधळ होतो. पहिला आकडा गोलांचा, दुसरा दांडीवरून मिळालेल्या गुणांचा. ३ गोल म्हणजे ९, अधिक १६, म्हणजे २५. मीथचे १-१० म्हणजे १३. तर १२ गुणांनी विजय. फूटीमध्येही असेच दोन आकडे लिहितात, पण पुढे बेरीजही देतात.

---

रानपाखरू

धागा आवडला. एक-दोन गोष्टी जोडतो.

गेलिक अॅथलेटिक असोसिएशनची स्थापना १८८४ ची, थर्ल्स गावातली, मायकल क्युसॅकच्या पुढाकाराने. इंग्रजी राजवटीत आपले खेळ जपायचे हा हेतू उघड होता. त्यातूनच त्यांचा एक कडक नियम आला: सभासदाने 'परके' खेळ खेळायचे नाहीत, बघायला जायचंही नाही. परके म्हणजे सॉकर, रग्बी, हॉकी आणि क्रिकेट. हा नियम १९७१ मध्ये उठला. म्हणजे १९६७ मध्ये तो पूर्ण लागू होता! गावातल्या सॉकरच्या सामन्याला गेलेल्या पोरावर बंदी येऊ शकत होती, आणि त्याच काळात क्रोक पार्कवर ऑस्ट्रेलियन फूटीवाल्यांचं स्वागत होत होतं. कारण त्या चार खेळांत फूटी नव्हती. माझ्या मते हा दौरा आयरिश लोकांना एवढा भावला त्यामागे हे मोठं कारण असणार. बाहेरचं जग आपल्याशी आपला खेळ खेळायला आलं, इंग्लंडमार्गे न येता.

क्रोक पार्क म्हणजे नुसतं मैदान नाही हेही लक्षात घ्या. २१ नोव्हेंबर १९२० ला तिथे सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला, १४ जण गेले. त्यात टिपररीचा खेळाडू मायकल होगन होता. एका स्टँडला त्याचं नाव आहे. रग्बीचा आंतरराष्ट्रीय सामना तिथे व्हायला २००७ साल उजाडलं.

आणि न्यूयॉर्कला हरले याचं नवल वाटायला नको. तिथे गेलिक खेळांची मुळं खोल आहेत. १९४७ चा ऑल-आयर्लंड अंतिम सामनाच न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाला होता, कॅव्हनने केरीला हरवलं.

---

कोकणकडा

+१. १८८४ म्हणजे आपल्याकडे काँग्रेसच्या स्थापनेच्या आदलं वर्ष. ते वाक्य वाचून जरा थांबलो.

---

उंबरठा

मी डब्लिनला असते. मुलगा इथल्या क्लबात गेलिक खेळतो, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवलं नाही.

दूरदेशी, लेख मनापासून आवडला, पण इथून चित्र थोडं वेगळं दिसतं. गेलिक खेळाडूला आजही मानधन नाही. काऊंटीकडून क्रोक पार्कवर ८२ हजार लोकांसमोर खेळलेला माणूस सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला जातो. माझ्या मुलाचे गणिताचे शिक्षक काऊंटीकडून खेळायचे. ज्या गावात जन्मलात त्या गावाच्या क्लबाकडून खेळायचं आणि आयुष्यभर त्याच क्लबाचं राहायचं, अशी इथली रीत आहे.

आता ऑस्ट्रेलियात याच कौशल्याला पगार मिळतो. पहिल्या दौऱ्यांनी दोन खेळ किती जवळचे आहेत ते दाखवलं, आणि मग तिकडच्या क्लबांच्या लक्षात आलं की इथे उंच, चपळ, हवेत झेल घेणारी अठरा वर्षांची पोरं तयार आहेत. दरवर्षी दोन-चार जण जातात. एखाद्या छोट्या काऊंटीत पिढीतून एकच असा मुलगा निघतो, तो गेला की दहा वर्षांचं स्वप्न जातं. आमच्या क्लबातले एक प्रशिक्षक यावर बोलताना अक्षरशः रडले होते. तेव्हा या गाठभेटीची किंमत कोणी मोजली हेही धाग्यात यायला हवं.

---

दूरदेशी

@उंबरठा, ताई, तुमचं म्हणणं पटलं. मी ते लिहायला हवं होतं, कारण त्या गोष्टीची सुरुवातही त्याच दौऱ्याच्या कप्तानापाशी जाते.

बरासी ऐंशीच्या दशकात मेलबर्न क्लबचा प्रशिक्षक होता. १९६७ मध्ये क्रोक पार्कवर त्याने ही माणसं समोरासमोर पाहिली होती. क्लब तळाशी गेला होता, आणि आयर्लंडमधून तरुण आणून त्यांना फूटी शिकवायची योजना त्याने लावून धरली. केरीकडून कुमार गटात खेळलेला शॉन वाइट आला. १९८४ मध्ये डब्लिनने कुमारांचा ऑल-आयर्लंड चषक जिंकला, त्या संघातला जिम स्टाइन्स त्याच वर्षाअखेर इथे आला. वय १८.

स्टाइन्सबद्दल थोडं लिहितो, कारण माझ्यासाठी या सगळ्या प्रकरणाचा गाभा तो आहे. १९८७ च्या उपांत्य लढतीत मेलबर्न अंतिम फेरीच्या दारात होतं. शेवटच्या क्षणी हॉथॉर्नच्या बकेनाराला लाथ मिळाली होती, आणि स्टाइन्स चुकून त्याच्या आणि खांबांच्या मधल्या, जाऊ नये त्या जागेतून पळत गेला. गेलिकमध्ये असा नियमच नाही. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय नव्हती. पंचांनी दंड म्हणून लाथेची जागा १५ मीटर पुढे नेली. भोंगा वाजल्यावर बकेनाराने गोल केला आणि मेलबर्न २ गुणांनी हरलं. बावीस वर्षांचा सुद्धा नव्हता तो. एखादा घरी परतला असता. हा राहिला, आणि १९८७ ते १९९८ या काळात त्याने एकही सामना न चुकवता लागोपाठ २४४ सामने खेळले. तो विक्रम २०२५ पर्यंत त्याच्या नावावर होता. १९९१ मध्ये ब्राउनलो पदक मिळवलं, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. नंतर तरुण मुलांसाठी संस्था काढली, क्लब कर्जात बुडत असताना अध्यक्ष झाला, आणि कॅन्सरशी झगडत असतानाही काम सोडलं नाही. मार्च २०१२ मध्ये ४५ व्या वर्षी गेला.

ताई, आयर्लंडने एक खेळाडू गमावला हे खरंच. मेलबर्नला मात्र तो माणूस म्हणून मिळाला.

---

उंबरठा

स्टाइन्सबद्दल इथेही सगळे हळवे होतात. आणि परत येणारेही असतात. केरीचा टाइग केनेली २००५ मध्ये सिडनीबरोबर तिकडचं विजेतेपद जिंकला, आणि मग पगाराची नोकरी सोडून घरी येऊन २००९ मध्ये केरीबरोबर ऑल-आयर्लंड जिंकला. त्याचे वडील टिम केनेली केरीचे कप्तान होते, ते आधीच वारले होते. तो चषक त्याला का हवा होता हे इथे कोणाला समजवावं लागलं नाही.

लीशच्या झॅक टूहीने तर २०२३ मध्ये स्टाइन्सचा २६४ सामन्यांचा आयरिश विक्रम मोडला. आता मुलीही जातात. महिलांची लीग २०१७ ला सुरू झाली आणि मेयोच्या कोरा स्टॉन्टनने वाट दाखवल्यावर रांगच लागली. मुलींच्या बाबतीत मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. इथे त्यांना प्रवासखर्चासाठी सुद्धा भांडावं लागलंय. तिकडे कोणी त्यांच्या खेळाचे पैसे देत असेल तर मी कोणत्या तोंडाने जाऊ नको म्हणू?

---

साडेतीन

वाचनखूण साठवली आहे. एक प्रश्न: दोन खेळ इतके सारखे आहेत, तर फूटी मुळात आयरिश लोकांनीच ऑस्ट्रेलियात नेली असं मी ऐकलंय. खरं का?

---

रानपाखरू

@साडेतीन, ऐकायला फार बरं वाटतं, पण कागद तसं सांगत नाहीत. मेलबर्न क्लबचे नियम मे १८५९ चे आहेत. टॉम विल्स आणि त्याचे सोबती. विल्स इंग्लंडमध्ये रग्बी शाळेत शिकलेला. गेलिक फुटबॉलचे लिखित नियम १८८५ चे, म्हणजे तब्बल २६ वर्षांनंतरचे. जन्माने फूटीच थोरली. इतिहासकार जेफ्री ब्लेनी यांनीही आयरिश उगमाची कल्पना मान्य केलेली नाही. सारखेपणा असणं आणि एकातून दुसरं निघणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मला तर हे जास्त सुंदर वाटतं, की ओळखपाळख नसताना दोन ठिकाणी माणसांना असाच खेळ सुचला.

गंमत म्हणजे देवाणघेवाण अजून चालू आहे. हवेत झेलल्यावर मिळणारा 'मार्क' गेलिकच्या नियमांत पूर्वी नव्हता. २०१७ पासून गोलरक्षकाच्या लाथेवर आणि २०२० पासून पुढच्या फळीतल्या झेलांवर तिथेही तो आणला.

---

कोकणकडा

हे वाचताना आपली कबड्डी आठवली. हुतूतू, संजीवनी, गामिनी, अमर असे किती प्रकार होते. महाराष्ट्रात नियम बसवले गेले तेव्हा कुठे एका गावचा संघ दुसऱ्या प्रांतात जाऊन खेळू शकला. आणि १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवली. आमचे आजोबा अमरावतीचे, हे फार अभिमानाने सांगायचे. पण दाखवणं वेगळं आणि समोर भिडणारा संघ मिळणं वेगळं. मीथवाल्यांना तो मिळाला. त्यामुळे धागाकर्त्याचं ते पायरीचं वाक्य मला थेट पोचलं.

---

ताकपीठ

मग पुढे या दौऱ्यांचं काय झालं? चालू राहिले का?

---

दूरदेशी

@ताकपीठ, १९६८ मध्ये गलाह पुन्हा आयर्लंडला गेले. १९७० मध्ये केरीचा संघ, तेव्हाचे विजेते, जगभर फिरत ऑस्ट्रेलियात येऊन गेला. पण संघटनांनी अधिकृतपणे हातात घ्यायला १९८४ उजाडलं. तेव्हा दोन्हींच्या मधला एक खेळ बनवला: गोल चेंडू आणि आयताकृती मैदान आयर्लंडचं, मार्क आणि पकडून पाडणं ऑस्ट्रेलियाचं, जाळीत ६ गुण, दांडीवरून ३, बाजूच्या फटीतून १. पहिला सामना कॉर्कला झाला आणि मालिका ऑस्ट्रेलियाने २-१ ने जिंकली. १९८६ मध्ये आयर्लंडने इथे येऊन २-१ ने परतफेड केली.

पकडून पाडणं हाच वादाचा मुद्दा राहिला. गेलिकमध्ये फक्त खांद्याला खांदा लावता येतो, त्यांच्या पोरांना पडायची सवय नसते. २००६ मध्ये क्रोक पार्कवर ८२ हजारांवर लोक आले होते आणि सामना इतका हिंसक झाला की पुढच्या वर्षीचा दौरा रद्द करावा लागला. ते चित्रण मी एकदाच पाहिलं, पुन्हा बघवलं नाही. २०१७ मध्ये अॅडलेड आणि पर्थला सामने झाले. २०२० चा बेत करोनात गेला.

---

उंबरठा

दूरदेशी, लेकीला गोल चेंडू आणून द्या. सोलो शिकवायचा असेल तर माझ्या मुलाची पद्धत सांगते: आधी चेंडू दोन्ही हातांत, पाय जास्त उचलायचा नाही, बोटं स्वतःकडे वळवायची म्हणजे चेंडू उलटा फिरत हातात येतो. पहिले आठवडाभर जागेवर उभं राहूनच. पळायची घाई केली की चेंडू पुढे निसटतो.

---

दूरदेशी

ताई, मनापासून आभार. चेंडू परवा आला. लेक तुमचं वाचून दोन दिवस जागेवर उभी राहून करत होती, आज मात्र ऐकेना, पळाली. तिसऱ्याच सोलोला चेंडू कुंपणापलीकडे.

आजोबा बागेत होते. चेंडू उचलून बराच वेळ हातात फिरवत राहिले, मग पायाच्या बोटांवर एकदा टाकून अलगद परत घेतला, या वयात, बागेतल्या बुटांसकट. कुंपणावरून तिच्याकडे देत म्हणाले, "मोजलं मी. पाच पावलं झाली. चार."